तराजूच्या खोलीतले सर

"आधी शेवट सांग."

विषय निवडायला कोणीही गेलं, की सरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. समोरचा पोरगा विचारायला लागायचा, सर, पहिल्या वर्षी फिजिक्स घेऊ की मॅथ्स. सर उजव्या हाताचा तळवा वर करायचे, नाक्यावरचा पोलीस ट्रक थांबवतो तसा. "पहिलं वर्ष ऱ्हाऊ दे रं. शेवट सांग. कुठं पोचायचंय?" पोराला बहुतेक वेळा कुठेच पोचायचं नसायचं. त्याला फक्त फॉर्म भरायचा असायचा.

तुमच्या कॉलेजातही असं एखादं माणूस असेल. फलकावर त्याचं नाव नसतं, स्नेहसंमेलनाच्या फोटोत ते कडेला उभं असतं, आणि तरी मुलं त्यालाच शोधत जातात. मी आमच्या सरांबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण नीट सांगता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. कोणाबद्दल काय लिहावं हे मला कोणी शिकवलेलं नाही. जे पाहिलं तेवढं सांगते.

सर आमच्या सांगलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढे तास शिकवायचे तेवढ्यापुरतेच ते कॉलेजचे. दर जूनला नवी नेमणूक, दर एप्रिलला निरोप. असं किती वर्षं चाललं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण लॅबचे शिपाई असलेल्या मामांच्या मोठ्या मुलीला त्यांनी शिकवलं होतं आणि आता ते धाकट्याला शिकवत होते. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची नव्हती. ते तराजूच्या खोलीत बसायचे.

ही खोली म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅबच्या मागची अरुंद जागा. काचेच्या पेट्यांतले चार तराजू, एक खिडकी आणि एक स्टूल. तिथे पंखा लावायचा नसतो, कारण वाऱ्याने आकडा हलतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये सर मानेवर ओला रुमाल टाकून त्या खोलीत पेपर तपासत बसायचे. एकदा मी म्हणाले, सर, आत्ता कोणी वजन करत नाहीये, पंखा लावू का. तर म्हणाले, "नको. एकदा सवय मोडली की आकडा पण खोटं बोलायला शिकतो."

वर्गात ते शुद्ध बोलायचे, निम्मं इंग्रजीत. तराजूच्या खोलीत आले की इस्लामपूरकडची बोली सुटायची. आम्हाला आमच्या नावांनी त्यांनी क्वचितच हाक मारली. मी जत तालुक्यातली, म्हणून 'जत' होते. माझ्या शेजारच्या टेबलवर काम करणारा मुलगा 'कोयना' होता, कारण त्याचे वडील कोयनानगरच्या वसाहतीत राहायचे. कोयनाचा हात थरथरायचा. ब्युरेटमधून थेंब सोडायचा तिथे धार सुटायची आणि फ्लास्कमधला रंग एकदम गडद व्हायचा. सर मागून जाता जाता म्हणायचे, "कोयना, तुमच्याकडं धक्के रोजचे हायत, ठावं हाय. ब्युरेटला कशाला सांगतोस?" सगळी लॅब हसायची. कोयनाही हसायचा. मग सर त्याचा कोपर टेबलाला टेकवून द्यायचे आणि हात स्थिर होईपर्यंत तिथेच उभे राहायचे.

माझी त्यांच्याशी खरी ओळख एका चुकीमुळे झाली.

बारावीनंतरचा फॉर्म आम्ही जतमधल्या नेट कॅफेत भरला. सोबत आप्पा, म्हणजे माझे वडील. आमची मेंढरं आहेत आणि पावसाच्या भरवशावरची ज्वारी. आप्पांना निम्मं कानडी, निम्मं मराठी येतं, आणि वाचता दोन्ही येत नाही. कॅफेतल्या माणसाने मेजर विषय विचारला, मी रसायनशास्त्र सांगितलं. तेवढ्यात मला फोटोची झेरॉक्स आणायला पाठवलं. मी बाहेर असताना त्याने विचारलं, मायनर कुठला टाकू.

आता मायनर म्हणजे काय, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं. मोठ्या कालव्यातून फुटतो तो मायनर. आप्पांनी सांगून टाकलं, "आमचा दोन नंबरचा." त्या माणसाने जोडविषयांच्या यादीतला दोन नंबरचा विषय टाकला. तो इलेक्ट्रॉनिक्स होता.

मला हे कॉलेज सुरू होऊन महिना झाला तरी कळलं नव्हतं. मला वाटलं, रसायनशास्त्र घेतलं की सर्किट जोडायला लागतातच. सरांनी हजेरीच्या वेळी माझं वेळापत्रक पाहिलं आणि तास झाल्यावर बोलावलं. "काय जत. केमिस्ट्री आणि इलेक्ट्रॉनिक्स. शेवट काय? रेडिओ दुरुस्त करणार हायस?"

मी संध्याकाळी आप्पांना फोन करून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत नेट कॅफेची गोष्ट सरांना सांगितली. सर इतके हसले की चष्मा काढून रुमालाने डोळे पुसावे लागले. "म्हंजे विषय तुझ्या कॅनॉलनं ठरवला व्हय." मग चष्मा घातला आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बरं. आता तू ठरव. आधी शेवट सांग."

मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

मी सातवीत होते. त्या वर्षी ज्वारी काढून झाल्यावर बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. चारा नव्हताच, म्हणून आप्पांनी मेंढरं त्या रानात सोडली. अर्ध्या तासात अकरा मेंढरं पडली. तोंड उघडून श्वास घेत होती, हवा तर रानभर होती, आणि तरी गुदमरल्यासारखी तडफडत होती. गावातली माणसं म्हणाली, देवाचं काहीतरी राहिलंय. आप्पांनी ते मान्य केलं. त्यानंतर दोन वर्षं आप्पा प्रत्येक अमावास्येला नारळ देत होते. मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की मेंढरं कशाने मेली. मला आप्पांना सांगायचं होतं की तुमचं काही राहिलं नव्हतं.

सरांनी मध्ये एकदाच विचारलं, "रक्ताचा रंग बघितलावता का?"

मला आठवत होता. आप्पांनी एक मेंढरू कापलं होतं. रक्त काळपट नव्हतं, कुंकवासारखं लालभडक होतं. त्यामुळेच लोक जास्त घाबरले होते.

सर म्हणाले, "ह्याला उत्तर हाय. पण मी सांगणार न्हाई. तुझं तू काढायचं."

मी मोबाइलवर त्याच दिवशी शोधलं. सायनाइड, असं सापडलं. कोवळ्या ज्वारीत ते तयार होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "नाव सापडलं तुला. कारण न्हाई सापडलं. हवा नाकात जाती, रक्तात प्राणवायू हाय, म्हणून तर ते लाल हाय. मग जीव का गेला?" मी हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "ते तिसऱ्या वर्षात येतं. आणि आणखी एक सांगतो. त्याच्यावर जे औषध टोचतात ते आपल्या लॅबच्या फळीवर हाय. तू नेहमी हाताळतीस." मी नंतर कित्येक दिवस फळीवरच्या बाटल्या बघत राहायचे.

त्या दिवशी त्यांनी एका जुन्या आलेख कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि सगळ्यात खाली लिहिलं, 'मेंढरं'. मग खालून वर लिहीत गेले. मेंढरं समजायला श्वासाची साखळी हवी, म्हणजे पेशी अन्नातून शक्ती कशी काढते ते. तिच्या आधी विकरं हवीत, म्हणजे शरीरातली कामं भराभर उरकणारी प्रथिनं. विकरांचा वेग समजायला भौतिक रसायन हवं, आणि त्याच्यासाठी थोडं गणित. ज्वारीत विष कुठं दडून बसतं हे कळायला सेंद्रिय रसायन, तेही नीट, पाठ करून नाही. पेशी म्हणजे काय ते कळायला प्राणिशास्त्र. प्रत्येक विषयासमोर त्यांनी सत्र लिहिलं, क्रेडिट लिहिले, कुठला पेपर कुठल्याच्या आधी झालाच पाहिजे तिथे बाण काढला. सगळ्यात वर, आत्ताच्या जागी, एक चौकोन काढून त्यात 'इलेक्ट्रॉनिक्स' लिहिलं आणि त्यावर फुली मारली.

मी फुलीकडे बघत राहिले. अभ्यासक्रम असा उलटा वाचता येतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं विद्यापीठ जे देईल ते घ्यायचं, रेशनवर उभं राहिल्यासारखं.

मायनर बदलायच्या अर्जावर पालकांची सही हवी होती, म्हणून आप्पा सांगलीला आले. तराजूच्या खोलीत आत यायला तयार नव्हते. काचेला धक्का लागेल म्हणत दारातच उभे राहिले. सरांनी स्टूल दाराबाहेर आणून त्यांना बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसले.

"पाव्हणं, पोरीचा मायनर बदलायचाय. प्राणिशास्त्र घेतोय."

आप्पा म्हणाले, "बदला की. आवं, आमचा खणून किती वर्सं झाली. पाणी कुटं आलंय?"

सर हसले नाहीत. आप्पांकडे बघून म्हणाले, "आमी कॅनॉलच्या टेलचीच माणसं, शेवटाची. आपल्यापर्यंत येतं तवा निम्मं झिरपलेलं असतं." मग त्यांनी अंगठ्याची जागा दाखवली आणि आप्पांचा हात हातात धरून शाईच्या पॅडवर टेकवला, अगदी कोयनाचा कोपर टेकवायचे तसा.

दुसऱ्या वर्षी सर आम्हाला भौतिक रसायन शिकवायला होते. शिकवताना ते वहीत बघायचे नाहीत, आमच्या तोंडाकडे बघायचे. एखादं तोंड कोरं दिसलं की तिथेच थांबायचे. त्यामुळे अभ्यासक्रम नेहमी मागे पडायचा आणि ते जादा तास घ्यायचे. त्या जादा तासांची कुठे नोंद नसते, हे मामांनी आम्हाला सांगितलं.

विषय निवडायच्या दिवसांत तराजूच्या खोलीबाहेर रांग लागायची. एकाने विचारलं होतं, सर, सगळ्यात सोपा विषय कुठला. सर म्हणाले, "ज्याचा मास्तर झोपतो तो." दुसऱ्याला भरतीला जायचं होतं, पळायला वेळ हवा होता. त्याला त्यांनी ज्या विषयांची प्रॅक्टिकलं दुपारनंतर असतात ते शोधून दिले, म्हणजे सकाळ मोकळी राहील. त्याच्यावर ते रागावले नाहीत. त्याचा शेवट तोच होता, मग रस्ता त्याच बाजूने काढायचा, एवढंच.

दुसरं वर्ष संपता संपता विभागाच्या फलकावर सूचना लागली. तिसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय म्हणून जीवरसायनशास्त्र सुरू करायचं आहे. किमान पंधरा नावं आली तरच. खाली यादीचा कागद डकवला होता.

या यादीवर काय काय अवलंबून आहे ते मामांनी आम्हाला बाटल्या विसळता विसळता सांगितलं. सरांची एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राची. विषय सुरू झाला तर ते तास त्यांचे. नाही झाला तर भौतिक रसायनाला आता पर्मनंट मॅडम येणार होत्या, आणि सरांच्या वाट्याला एकही तास उरत नव्हता. जूनचं पत्र मग येणारच नाही. "तुमी लेकरांनी जोर लावा," मामा म्हणाले.

आम्ही लावला. पहिलं नाव मी लिहिलं. माझ्या आलेख कागदावर तिसऱ्या वर्षासमोर श्वासाची साखळी होती आणि ती याच विषयात येत होती, त्यामुळे माझ्यासाठी दोन्ही एकच होतं. होस्टेलच्या मुलींना मी एकेक करून समजावलं. कोयनाने नाव टाकलं. शुक्रवारी यादीत सोळा नावं झाली आणि आम्ही कॅन्टीनमध्ये भडंग खाल्लं.

सोमवारी सरांनी कोयनाला बोलावलं. मी शेजारच्या तराजूवर वजन करत होते, त्यामुळे ऐकू येत होतं. त्याचा शेवट सरांना माहीत होता: पदवी हातात पडली की लगेच नोकरी, वडिलांना काम होत नव्हतं. सर म्हणाले, त्याला विश्लेषण रसायन लागेल, कुपवाडच्या कारखान्यांत तेच विचारतात. कोयना खाली मान घालून म्हणाला, "ठावं हाय सर. आकडा भरंना म्हणून टाकलं नाव."

"माझ्यासाठी विषय घेऊ नको गड्या. तुझ्या इंटरव्ह्यूला मी येणार न्हाई."

कोयना उभाच राहिला. सरांनी कागद पुढे ओढला आणि त्याच्या नावावर रेघ मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जत, तराजूचं दार लाव आणि हिकडं ये."

मला वाटलं, आणखी कोणाला समजवायचं असेल. सरांनी विचारलं, "सेंट्रिफ्यूज बघितलास का आपला?" मी नाही म्हणाले. "बघणार पण न्हाईस. तो पेटीतच हाय, मोटार जळलेला. कलरीमीटर बंद. मी तुला श्वासाची साखळी फळ्यावर शिकवीन, चांगली शिकवीन. पण तुझ्या हातात काय देऊ? कागदावरची प्रॅक्टिकलं करून पुढं गेलीस तर पहिल्याच दारात अडवतील तुला."

साताऱ्याला एका कॉलेजात तो विषय बरीच वर्षं चालत होता. उपकरणं होती, कायमच्या मॅडम होत्या, मुलींचं वसतिगृह होतं. विद्यापीठ एकच, त्यामुळे क्रेडिट जसेच्या तसे जात होते. सरांनी त्या मॅडमना आधीच फोन केला होता. जागा दोनच होत्या आणि त्या आठवड्यातच ठरवायचं होतं.

मी म्हणाले, सर, पण यादी. कोयना गेल्यावर पंधरा होती. मी गेले की चौदा.

"अजून चार दिवस हायत. येतील नावं."

ते हे माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. सगळ्यात वरचं नाव, त्यामुळे ती रेघ लांबूनही दिसत होती.

आप्पांना त्यांनीच फोन लावला. आप्पा म्हणाले, सातारला आमचं कोण न्हाई. सर म्हणाले, "सांगलीला तरी कोण हुतं?" मग आप्पा म्हणाले, तुमी हाय म्हणताय तर जाऊ द्या.

मी गेले. त्या चार दिवसांत यादीत नाव आलं का, हे मी विचारलं नाही. नंतरही नाही. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की कामं खूप आहेत, वसतिगृहाचा फॉर्म, दाखला, ना हरकत पत्र. आता सांगते, मला विचारायची भीती वाटत होती. उत्तर वाईट आलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि मला काही करायचं नव्हतं. मला जायचं होतं.

साताऱ्यात पहिले महिने मी कोणाशी फारशी बोलले नाही. पण हातात उपकरणं आली. रक्तातला द्रव वेगळा काढता आला, विकराचा वेग मोजता आला. दिवाळीनंतर एका मंगळवारी मॅडमनी श्वासाची साखळी संपवली. शेवटच्या पायरीवर एक विकर असतं. ते रक्तातून आलेला प्राणवायू वापरतं. सायनाइड तिथेच जाऊन बसतं. प्राणवायू दारापर्यंत येतो आणि पेशीला घेता येत नाही. तो रक्तातच राहतो, म्हणून रक्त लाल. मेंढरं हवेने भरलेल्या रानात गुदमरली ती अशी. आणि औषध सोडियम थायोसल्फेट, ज्याला लॅबमध्ये आम्ही हायपो म्हणतो. दर आठवड्याला तेच ब्युरेटमध्ये भरत होतो.

मी तासानंतर आप्पांना फोन केला. जमेल तसं समजावलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजी माझं काय चुकलं न्हवतं?" मी म्हणाले, ज्वारीत सोडायला नको होती, पण देवाचं काही राहिलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "मग माझंच चुकलं की, आक्का." आणि फोन ठेवला. मी तीन वर्षं ज्यासाठी शिकले ते असं झालं. मेंढरं आप्पांच्याच हातून गेली होती, आणि आता दोष द्यायला देवही उरला नव्हता.

मग सरांना लावला. त्यांना आप्पांचं सांगितलं. सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बापाला येळ लागतो. तुला कारण सापडलं न्हवं?" मागे मोठा भोंगा वाजला. मी विचारलं, तिकडे विषय कसा चाललाय सर. ते म्हणाले, "चाललंय." आणि काम आहे म्हणून फोन ठेवला. कॉलेजात असा भोंगा कधी नव्हता. मला वाटलं, नवी घंटा बसवली असेल.

फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाची मूळ गुणपत्रिका न्यायला मी सांगलीला गेले. ऑफिसचं काम आटोपून लॅबमागे गेले. तराजूच्या खोलीत पंखा फिरत होता. मामा स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

सर कुठे आहेत विचारल्यावर मामा म्हणाले, "त्यांना जाऊन आट म्हैने झालं की. विषयच उघडला न्हाई न्हवं. लय हळहळ वाटली बघ. एकच नाव कमी पडलं, चौदावर अडलं. एक पोरगी सातारला गेली म्हणं, आन् तितंच..."

मामा थांबले. पेपरची घडी घातली. "तूच न्हवं का ती?"

मी हो म्हणाले.

"च्या घेतीस का?" मामांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. यादीच्या शेवटच्या दिवशी विभागप्रमुखांनी स्वतः सरांना बोलावलं होतं, की एखादा पोरगा बघा, नावापुरतं टाका, नंतर काढू. सर म्हणाले, बघतो. आणि तराजूच्या खोलीत येऊन कोणाला तरी अभ्यासक्रम आखून देत बसले. आता ते इस्लामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात हंगामी केमिस्ट होते. ऊस असेपर्यंत रस तपासायचा. गाळप संपलं की काम संपलं. मग काय, ते मामांनाही माहीत नव्हतं.

साताऱ्याची एस.टी. इस्लामपूरवरूनच जाते. मी खिडकीशी बसले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकत अडकत जात होती. आष्ट्याच्या पुढे मी सरांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे यंत्रांचा आवाज होता.

मी म्हणाले, मामा भेटले होते.

"बरं," सर म्हणाले.

"सर, तुम्हाला खरंच वाटलं होतं का, अजून नावं येतील?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला मोजता येतं, जत."

मी म्हणाले, मी बसमध्ये आहे, इस्लामपूरला उतरते, कारखान्यावर येते. पाच मिनिटं भेटते आणि पुढची गाडी धरते.

"उद्या काय हाय तुझं?"

प्रॅक्टिकलची परीक्षा होती. सकाळी आठला.

"मग उतरू नको," सर म्हणाले. "शिफ्टच्या मधी मला बी येता येणार न्हाई. बस गप."

तेच आमचं शेवटचं बोलणं. परीक्षा झाल्यावर, निकाल लागल्यावर, आणि पुढे एम.एस्सी.ला नंबर लागल्यावर, असा तीनदा मी तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगते. कोयनाकडेही दुसरा नंबर नाही. तो कुपवाडला नोकरीला आहे. त्याने दोन कारखान्यांत चौकशी केली. हंगाम संपल्यावर ते कुठे गेले, कोणालाच माहीत नाही.

इस्लामपूरच्या स्टँडवर आमची एस.टी. त्या दिवशी दहा मिनिटं थांबली होती. कंडक्टर नोंद करायला गेला होता. ड्रायव्हर खाली उभा राहून पाणी पीत होता. बसचं दार सताड उघडं होतं, पिशवी माझ्या मांडीवर होती, आणि डेपोच्या भिंतीवरून लांबवर एक धुराडं दिसत होतं. त्याच कारखान्याचं की दुसऱ्या कुठल्या, ते मी शेजारच्या बाईंना विचारलंही नाही.

मी उतरले नाही.